शौर्याला समोर शत्रूच लागतो का?

बाबा फौजेत होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या लढाईत होते?" कुठल्याच नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. लहानपणापासून बघत आलेय, अजूनही टोचतं.

म्हणून आज स्पेन्सर स्टोनबद्दल लिहायचंय. अमेरिकन हवाई दलातला २३ वर्षांचा जवान. २१ ऑगस्ट २०१५ ला सुट्टीवर होता, दोन बालमित्रांसोबत ॲमस्टरडॅमहून पॅरिसला जाणाऱ्या ट्रेनमध्ये. गाडीत पाचशेहून जास्त प्रवासी. एक जण रायफल घेऊन डब्यात शिरला आणि स्टोन रिकाम्या हातांनी त्याच्या अंगावर धावून गेला. मानेवर वार झाले, अंगठा तुटायचाच बाकी राहिला. मित्रांनी साथ दिली, हल्लेखोराला लोळवला.

 मला मात्र त्यानंतरची मिनिटं जास्त मोठी वाटतात. गोळी लागलेल्या एका प्रवाशाच्या मानेतून रक्ताची धार लागली होती. स्टोनने त्या जखमेत दोन बोटं घातली, रक्तवाहिनी शोधली आणि दाबून धरली. स्वतःचं रक्त वाहतंय, तरी मदत येईपर्यंत बोटं काढली नाहीत. ना ओळख, ना हुकूम, ना ड्युटी.

त्याला एअरमन्स मेडल, म्हणजे अमेरिकन हवाई दलाचं युद्धाबाहेरच्या शौर्याचं पदक, मिळालं. त्याच्यासोबतचा मित्र ॲलेक स्कारलाटोस नॅशनल गार्ड या राखीव दलाचा जवान, त्याला सोल्जर्स मेडल. सोल्जर्स मेडल १९२६ पासून आहे, तेही युद्धाबाहेरच्या शौर्यासाठी. नुसता जीव वाचवला म्हणून ते मिळत नाही, स्वतःचा जीव पणाला लावलेला असावा लागतो. मला ही अट फार योग्य वाटते.

आपल्याकडेही अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र आहेतच. पण खरी उपेक्षा होते ती १९६१ पासूनच्या जीवन रक्षा पदकाची. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्या कुणालाही ते मिळू शकतं, जवानालाही, फक्त ते त्याच्या ड्युटीचा भाग नसावं. प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर यादी येते आणि पद्म पुरस्कारांच्या गर्दीत हरवते. या माणसांची नावं आपल्या मुलांना का माहीत नसावीत? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

स्टोनची हकीकत बाबांना सांगितली. पदकाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आणि तो माणूस? वाचला का?"

वाचला, बाबा.