युरोपात रोमिंग फुकट, पण आपल्या सिमला नाही

उन्हाळी सहलींचे बेत सुरू झाले की एक मेसेज फिरू लागतो: युरोपात रोमिंग कायद्यानेच बंद झालंय, तेव्हा पॅकवर पैसे घालवू नका. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं महागात पडतं.

१५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचं जादा शुल्क नाही. २०२२ मध्ये हा नियम आणखी १० वर्षांसाठी वाढवला. पण तो तिथल्याच कंपन्यांच्या सिमसाठी आहे. पुण्याहून नेलेलं सिम पॅरिसला उतरल्यावर भारतीय कंपनीच्याच दराने चालतं. पॅक नसेल तर ते बंद तरी राहतं, नाहीतर येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात.

बरं, पॅरिसमध्ये तिथलं सिम घेतलं, तरी सहल तिथेच थोडी संपते? आपल्या मंडळींना युंगफ्राऊचा बर्फ पाहायचाच असतो, आणि स्वित्झर्लंड संघात नाही. जिनिव्हा तर फ्रान्सच्या हद्दीला खेटून; फोन कधी कोणत्या देशाचा टॉवर पकडेल, नेम नाही. तिथे डेटा रोमिंग बंदच ठेवा. ब्रिटनही बाहेर पडलाय. लंडनमध्ये काही कंपन्या जादा पैसे घेत नाहीत, पण ते त्यांच्या मर्जीने. उलट नॉर्वे आणि आइसलँड संघात नसूनही या नियमात येतात!

आणि ‘अनलिमिटेड’ प्लॅन असला, तरी देशाबाहेरच्या डेटावर मर्यादा घालायची मुभा कंपनीला आहे. तो आकडा करारातल्या बारीक अक्षरात सापडेल.