पहिलं ‘नको’

इंग्लंडातल्या मार्लो गावाला जायचं तर मेडनहेडला गाडी बदलावी लागते. तिथून एक चिमुकली गाडी सुटते, तिला तिथले लोक लाडाने ‘मार्लो डाँकी’ म्हणतात. म्हणजे मित्र तिथे स्थायिक होऊन वीस वर्षं झाली आणि त्याच्या गावात मी पहिल्यांदा शिरलो तो गाढवावरून. आमच्याकडे माणसाला गाढवावरून गावात आणतात ते काही कौतुक म्हणून नव्हे, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

मित्र मूळचा पुण्याचा, वहिनी इंग्लिश आणि मी कोल्हापूरचा. हे पुढे लागणार आहे.

घरी पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. मित्राकडे जेवायचं म्हणून सकाळी लंडनहून नुसत्या चहावर निघालो होतो. दारातच वहिनींनी विचारलं, “जेवणार ना? सूप आहे, ताजा पाव आहे.”

“नो नो, कशाला उगाच त्रास,” मी इंग्रजीत पण कोल्हापुरी रीतीने म्हणालो.

“बरं,” वहिनी म्हणाल्या आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. झाकणाच्या कडेने येणारी वाफ हळूहळू थांबली. तोवर मी तिच्याकडेच बघत होतो.

आता हे ‘नको’ प्रकरण नीट सांगायला हवं. आमच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे नमस्कार. त्याचा भुकेशी संबंध नसतो. दुसरं ‘नको’ म्हणजे ‘किती आहे?’ अशी चौकशी. तिसऱ्याला पानावर हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून, म्हणजे तूप आणि रस्सा आपापल्या वाटेने खाली जातो. त्यानंतर “माझी शपथ आहे” आणि मग “एवढ्याने काय होतंय” असं करत करत माणूस जेवतो. माझी आत्या तर पाचव्या नकाराशिवाय नकार मोजतच नाही. अशा घरातला माणूस पहिल्याच ‘नको’ला आउट होऊन तंबूत परतला.

बरं, मित्राने तरी सावरावं! तो शांतपणे म्हणाला, “नको म्हणतोय ना? मग चल, गाव दाखवतो.” एकदा विचारून थांबणं हे इंग्लिश आहे की पुणेरी, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

गाव मात्र दृष्ट लागण्यासारखं. थेम्स नदी, तिच्यावर पांढरा झुलता पूल, पुलाच्या टोकाला चर्चचा निमुळता मनोरा, बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. पोट भरलेलं असतं तर मी कविता केली असती. पूल १८३२ सालचा. तो बांधणाऱ्या विल्यम टिअर्नी क्लार्कनेच पुढे बुडापेस्टचा प्रसिद्ध साखळी पूल उभारला, हे मित्राने मला तीनदा ऐकवलं. बघा, पुलाची माहिती तीन-तीनदा देता येते, सूप एकदाच विचारतात. पुलावरून जास्तीत जास्त ३ टन वजन न्यायची परवानगी आहे. तरीही २०१६ साली एकजण ३७ टनी ट्रक घेऊन त्यावर घुसला आणि तपासणीसाठी पूल दोनेक महिने बंद ठेवावा लागला. मी म्हटलं, त्या पुलालाही बहुतेक ‘बास, बास’ म्हणायचं धैर्य झालं नसेल.

नदीत राजहंस होते. इथे दर जुलैत राजाच्या वतीने होड्या निघतात, हंसांची पिल्लं पकडतात, मोजतात, त्यांचं वजन करतात, तब्येत बघून परत सोडतात. उत्तम प्रथा आहे. पाहुण्यांसाठीही ठेवायला हरकत नाही.

शेवटी हिगिन्सन पार्कात मित्राने विचारलं, “सँडविच?” आणि मी, दुपारचा धडा ताजा असल्यामुळे, प्रश्नचिन्ह पडायच्या आत “हो” म्हणालो. चिकनचं सँडविच आलं. पलीकडे स्टीव्ह रेडग्रेव्हचा पुतळा आहे. हा मार्लोचाच, पाच ऑलिम्पिकमध्ये लागोपाठ वल्हवण्याची सुवर्णपदकं मिळवलेला, आणि खांदे असे की याला वहिनींनी नक्की दोनदा विचारलं असणार. त्याच्याकडे बघत मी पहिला घास घेतला. दुसऱ्यासाठी सँडविच उचललं तेवढ्यात कानाशी वारा लागला, डोक्यावरून एक तांबूस सावली गेली आणि माझ्या चिमटीत पावाची कड तेवढी उरली. तिला थोडं लोणी लागलेलं होतं.

घार! दुभंगलेल्या शेपटीची, तांबडी, चांगली ऐसपैस घार. ही जात इंग्लंडमधून पार नाहीशी झाली होती. मग १९८९ पासून पाच वर्षं स्पेनहून सुमारे नव्वद पिल्लं आणून या चिल्टर्न टेकड्यांत सोडली. आता आकाशात जिकडे बघावं तिकडे त्याच. मित्र हे मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी वर बघत होतो. ती माझं चिकन उडता उडताच खात होती. तिला कोणी आग्रह केला नव्हता, तिनेही आढेवेढे घेतले नव्हते.

“दुसरं आणू?” मित्राने विचारलं.

आणि काय सांगू, तोंडातून निघालं, “नको रे, राहू दे.” संस्कार फार वाईट असतात.

रात्रीच्या जेवणाला मासा होता. मोजून चार तुकडे, माणशी एक, चौथा ताटलीच्या मधोमध. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणजे मी सोडून. वहिनी म्हणाल्या, “कुणाला हवाय?” मी नम्रपणे मित्राकडे पाहिलं. मित्राने घेतला.

मध्यरात्री उठलो. घर दोनशे वर्षांपूर्वीचं. त्या काळी इंग्लंडात माणसं बुटकी असावीत, कारण जिना उतरताना तुळई बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीला आली. डोकं धरून, पायऱ्या न वाजवता फ्रिजपर्यंत पोचलो. मागोमाग त्यांचा लॅब्रॅडोरही शेपूट हलवत आला. चोरीत भागीदार मिळाल्याचा त्याला स्पष्ट आनंद झाला होता. आत तीन प्रकारचं चीज, अर्धी काकडी आणि तेच सूप. कशाला हात लावावा या विचारात दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं आणि फ्रिज टी-टी-टी करून ओरडायला लागला.

दिवा लागला. दारात वहिनी.

“सगळं ठीक ना? भूक लागली का? टोस्ट करून देऊ?”

आयुष्यात काही क्षण असे येतात की माणसाने कुळ, गाव, आत्या सगळं बाजूला ठेवून ‘हो’ म्हणावं. मी म्हणालो, “छे छे, पाणी प्यायला आलो होतो.”

“बरं,” म्हणून त्यांनी नळाचं पाणी ग्लासात भरून दिलं. कुत्र्याकडे वळून त्याला काही विचारलंही नाही, डब्यातून सरळ दोन बिस्किटं काढून त्याच्यापुढे टाकली.

रविवारी दुपारी घरी रोस्ट होता. सकाळीच मनाशी ठरवलं, आज प्रत्येक गोष्टीला ‘हो’. बटाटे? हो. गाजरं? हो. ग्रेव्ही? हो, हो. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, “यॉर्कशायर पुडिंग?” आता जेवणाच्या सुरुवातीलाच गोड कोण खातं? म्हटलं, “थँक यू, ते शेवटी.” मग समोर मित्राच्या ताटात बघतो तर तळहाताएवढी, भट्टीतून नुकती निघालेली, कुरकुरीत खमंग वाटी, तिच्यात ग्रेव्ही ओतलेली! गोडाचा तिच्यात मागमूस नव्हता. शेवटी म्हणून मी वाट पाहिली. शेवटी कॉफी आली.

स्टेशनवर निघताना मित्राने मिठी मारली आणि म्हणाला, “लेका, तू फारच कमी खातोस. तब्येत सांभाळ.” मी काही बोललो नाही. वहिनींच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला एक पुडा होता. “आम्हाला त्रास नको म्हणून तू कशालाही नाही म्हणतोस, असं मला आता वाटायला लागलंय,” त्या हसत म्हणाल्या. “हे गाडीत हवं—”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुडा माझ्याकडे होता. त्या घारीलाही एवढं जमलं नसतं.

वाटेत बोर्न एंडला रूळच संपतात. तिथे ड्रायव्हर उतरतो, चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी आल्या दिशेने उलटी निघते. दरवाजे उघडे होते. फलाटाबाहेरच्या झाडांवर काहीतरी तांबूस घिरट्या घालत होतं. मी पुडा कोटाच्या आत धरून बसलो. दरवाजे बंद झाले, गाढव हललं, तेव्हा कुठे फॉइल उघडली.