बायोडेटातले देश मोजू नका, एडिशनची वही मागा

प्रिंटमेकरची, म्हणजे छापाचित्रकाराची, ओळख करून देताना निवेदक हमखास देशांची यादी वाचतो. पोलंड, स्लोव्हेनिया, जपान, चीन, स्पेन, बल्गेरिया. सभागृह भारावतं. माझं मत जरा खडूस आहे. यादी खरी असते, पण ती वजनदार असेलच असं नाही. एक पेंटिंग एकाच महिन्यात पाच देशांत टांगता येत नाही, छापाचित्र येतं. एका कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून वीस छापे काढले, त्यातले पाच पाच पाकिटांतून रवाना केले की पाच देश झाले. यात लबाडी काही नाही, माध्यमच तसं आहे. म्हणूनच या माणसांचं करिअर जोखायचं तर चित्रकारांना लावतो ती फूटपट्टी इथे चालत नाही.

या देशोदेशीच्या फिरतीला इतिहास आहे. स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाची ग्राफिक बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं छापाचित्रांचं प्रदर्शन) 1955 मध्ये सुरू झाली, टोकियोची 1957 मध्ये, क्राकोची 1966 मध्ये (ती 1991 पासून त्रैवार्षिक झाली). शीतयुद्धाचा काळ होता. मोठाले कॅनव्हास सीमेपलीकडे न्यायचे म्हणजे कटकट; कागदांचा गठ्ठा त्यामानाने सहज जायचा. अमेरिकन कलाकार रॉबर्ट राउशेनबर्गला लुब्लियानात 1963 मध्ये पहिलं पारितोषिक मिळालं ते एका लिथोग्राफसाठी (दगडावर चित्र काढून घेतलेला छापा), आणि त्याचा दगड छापताना प्रेसवर तुटलेला होता. त्याने तो भेगेसकट छापला. पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये त्याला चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं, आणि सगळे बोलतात ते त्या पारितोषिकाबद्दलच. आधीच्या वर्षीचा तो दगड फक्त छापाचित्रवाल्यांच्या लक्षात आहे.

आता बऱ्याच स्पर्धांची पहिली फेरी जेपीईजीवर होते. स्क्रीनवर प्लेटचा दाब दिसत नाही, ॲसिडने खोल खाल्लेल्या रेषेत उभी राहिलेली शाई दिसत नाही, कागदाचा पोत तर नाहीच. दिसतो तो काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध. त्यामुळे ठळक कामं पुढे जातात आणि तलम ॲक्वाटिंट (ॲसिडने प्लेटवर करड्या छटा आणायचं तंत्र) पहिल्याच चाळणीत गळतं. ही तक्रार नाही, पण नुसती निवड किंवा नकार बघून कुणाच्या कुवतीचा अंदाज का बांधू नये, त्याचं कारण हे आहे.

मग बघायचं काय? एडिशन, म्हणजे एका प्लेटवरून काढलेल्या क्रमांकित छाप्यांचा ठरलेला संच. प्लेट करणं म्हणजे अर्धंच काम. वीस छापे एकसारखे काढणं हे उरलेलं अर्धं, आणि नवखे बहुतेक तिथेच घसरतात.

तांब्याची साधारण मिलिमीटरभर जाडीची प्लेट घ्या. कडा पंचेचाळीस अंशांत घासलेल्या हव्यात, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली कागद कडेवर फाटतो आणि वरचं फेल्टही (प्रेसमधली लोकरीची जाड चादर) कापलं जातं. ॲसिडिंग वगैरे होऊन प्लेट मनासारखी झाली की एक आदर्श छापा काढायचा. त्याला फ्रेंच शब्द आहे, बॉन आ तिरे. म्हणजे ‘असाच छापा’ असा हुकूम. पुढचा प्रत्येक छापा त्याच्या शेजारी धरून तपासायचा. कागद सुती, 300 ग्रॅमच्या आसपास. तो अर्धा तास पाण्यात ठेवून मग ब्लॉटरमध्ये, म्हणजे टीपकागदात, दाबायचा, इतका की पृष्ठभागावरची चमक जाईल पण हाताला गारवा लागेल. इथेच पहिली गडबड होते. कागद जास्त ओला राहिला तर पाणी तेलकट शाईला झिडकारतं आणि गडद भागात पांढरे ठिपके पडतात. कोरडा राहिला तर तो खोल रेषेत शिरत नाही आणि रेष मधेमधे तुटते. दोन्ही दोष लांबून सारखेच दिसतात, म्हणून लोक चुकीचा इलाज करतात. प्रेसचा दाब वाढवत बसतात. दाबाचा यात काही संबंध नसतो.

शाई पुसणं हा तर हाताचाच मामला. आधी खळ लावलेलं जाळीचं कापड, मग तळहात, त्यावर हवी तर जराशी चॉकची पूड. 40 बाय 50 सेंटिमीटरच्या ॲक्वाटिंटला शाई लावून पुसायला अर्धा तास सहज जातो. दिवसाला सात-आठ चांगले छापे निघाले तर हात बसलेला आहे असं समजा. सकाळी गार प्लेटवर शाई घट्ट असते, दुपारी खोली तापली की ती सैल होऊन जास्त पुसली जाते. परिणामी 1/20 (वीसातला पहिला छापा) गडद आणि 9/20 फिकट. शिवाय कागदातली खळ पाण्यासोबत फेल्टमध्ये उतरते. दहा-बारा छाप्यांनंतर कागदाला लागून असलेलं फेल्ट पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि प्लेटचा उठाव मरतो. सगळ्यात खालचं फेल्ट आळीपाळीने बदलायचं, धुवायचं. हे न करणाऱ्याच्या एडिशनमधला शेवटचा छापा पहिल्याच्या शेजारी ठेवला की लगेच कळतं.

दोन-तीन प्लेटचं रंगीत काम असेल तर वेगळीच डोकेदुखी. ओला कागद फुगतो, वाळला की आकसतो. पहिली प्लेट छापून कागद जरा जरी सुकू दिला तर दुसऱ्या प्लेटचा रंग मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाजूला पडतो. म्हणून सगळे कागद एकाच खेपेचे घ्यायचे, तंतूंची दिशा एकच ठेवायची, आणि आदल्या रात्री ओले करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे. प्लेट जस्ताची असेल तर पिवळा आणि पांढरा विसरा. जस्ताशी रासायनिक क्रिया होऊन ते मळकट होतात. तांबं महाग पडतं, पण रंगासाठी तेच लागतं.

सगळे रंग एकाच प्लेटवरून, एकाच दाबात काढायची युक्ती पॅरिसच्या अटेलिए 17 या छापाचित्रांच्या कार्यशाळेत विकसित झाली. त्यात भारतीय छापाचित्रकार कृष्णा रेड्डींचा वाटा मोठा. प्लेट वेगवेगळ्या पातळ्यांवर खोल खोदायची. खाचांत नेहमीसारखी घट्ट शाई भरून पुसायची. मग वरच्या पातळीवर कडक रोलरने जास्त तेलाची पातळ शाई फिरवायची. शेवटी मऊ रोलरने कमी तेलाची शाई. मऊ रोलर दबून खालच्या पातळीपर्यंत पोचतो, आणि वर जिथे आधीच तेलकट थर आहे तिथे ही शाई बसतच नाही. ऐकायला सोपं आहे. तेलाचं प्रमाण जरा चुकलं की दोन्ही रंग मिसळून चिखल होतो. या पद्धतीत वीस छापे एकसारखे काढणारा माणूस भेटला तर त्याच्या बायोडेटात एकही देश नसला तरी मी त्याला नमस्कार करीन.

वीसची एडिशन हवी तर चोवीस-पंचवीस छापायची तयारी ठेवावी लागते. उरलेले फाडायचे. फाडायचे म्हणजे खरोखरच फाडायचे! आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे क्रमांकांबाहेर कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेले छापे, हा नापास छाप्यांचा वृद्धाश्रम नव्हे. ते एडिशनच्या तोडीचेच असतात, साधारण दहा टक्के ठेवायचा प्रघात आहे, आणि त्यांचीही नोंद लागते. तंत्रच एडिशनची मर्यादा ठरवतं हेही लक्षात घ्या. ड्रायपॉईंटमध्ये ॲसिड न वापरता प्लेटवर थेट सुईने ओरखडतात; तिने उपसलेली तांब्याची कोर शाई धरते, म्हणून ती मखमली रेष येते. प्रेसच्या प्रत्येक फेरीत ती कोर दबत जाते, आणि दहा-पंधरा छाप्यांत मखमल गेलेली असते. तांब्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवला तर प्लेट जास्त टिकते. हा थर न चढवता ड्रायपॉईंटची शंभराची एडिशन कुणी सांगत असेल तर शेवटचा छापा दाखवायला सांगा.

आता वही. नाव, साल, तंत्र, प्लेटचं माप, कागदाचं माप, कागदाची गिरणी आणि वजन, शाई, तिच्यात किती तेल घातलं, एकूण एडिशन. त्याखाली प्रत्येक क्रमांकाची ओळ. कुठे गेला, कधी गेला, परत आला का, कोणत्या अवस्थेत आला. कंटाळवाणं काम आहे, पण नसलं की काय होतं ते बघा. 3/20 परदेशातल्या प्रदर्शनाला जातो. दोन वर्षं पत्ता नाही. कलाकार गृहीत धरतो की गेला, आणि नवा छापा काढून त्यावर 3/20 लिहून विकतो. मग जुना परत येतो. आता जगात दोन 3/20 आहेत आणि काम नाकारायला संग्रहालयाच्या क्युरेटरला एवढं एक कारण पुरतं. दुसरा प्रकार हप्त्याने छापण्याचा. वीस जाहीर करायचे, आठ छापायचे, बाकीचे मागणी आली की. तोवर कागदाची खेप बदललेली, शाईचा डबा बदललेला. हप्त्याने छापायला हरकत नाही, पण पूर्ण एडिशनचा कागद पहिल्या दिवशी घेऊन ठेवा आणि तो आदर्श छापा कधीही विकू नका. वीस संपले म्हणून त्याच प्लेटचे आणखी तीस काढणं मात्र सरळ फसवणूक. 1960 मध्ये व्हिएन्नाच्या कलाकार परिषदेने मूळ छापाचित्राची व्याख्या केली. एडिशन किती ते कलाकारानेच ठरवायचं, पण प्रत्येक छाप्यावर सही, एकूण संख्या आणि क्रमांक हवा, असं तिथे ठरलं.

पाठवणी. गुंडाळून नळीत घालणं स्वस्त पडतं, पण जाड कागद महिनाभर गुंडाळलेला राहिला की ज्युरीच्या टेबलावर सरळ पडतच नाही, आणि उठाव असलेलं काम तर चेपतं. नळीच लागणार असेल तर निदान दहा सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्यावर सैल गुंडाळून ती मोठ्या नळीत सरकवा. सपाट पाठवायचं असेल तर नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट कोणत्याच बाजूने दुमडत नाही. पुठ्ठा छाप्यापेक्षा चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मोठा. छापा चिकटपट्टीने नाही, कागदी त्रिकोणी कोपऱ्यांनी धरायचा. शाई वरून वाळलेली वाटते पण खोल रेषेत ती आठवडा-दोन आठवडे ओली असते. घाईत पाठवलं की समोरच्या टिश्यूवर आरसा-छापा उमटतो.

कस्टम्सचं एक कलम फार कमी जण वाचतात. जागतिक वर्गीकरणात मूळ छापाचित्रांना 9702 हा स्वतंत्र शीर्षक्रमांक आहे. त्याची अट अशी की प्लेट पूर्णपणे कलाकाराच्या हातची हवी, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक प्रक्रिया चालत नाही. म्हणजे बिएनालेत डिजिटल प्रिंट आणि फोटो-एचिंग (फोटोवरून ॲसिडने कोरलेल्या प्लेटचा छापा) मानाने टांगलं जातं आणि कस्टम्सच्या टेबलावर तेच मूळ छापाचित्र ठरत नाही. कलाविश्वाने हा वाद कधीच निकालात काढला, कस्टम्सने अजून नाही. फॉर्म भरताना तंत्र नीट लिहा. नुसतं ‘प्रिंट’ लिहिलं तर पोस्टर समजून आकारणी होऊ शकते.

आणि ते ‘कामं परत केली जाणार नाहीत’ हे बारीक अक्षरातलं वाक्य! प्रवेश फी घ्यायची आणि कामंही ठेवून घ्यायची, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आयोजकाचा स्वतःचा संग्रह असेल, सूची छापली जात असेल, पुढे काम कुणाला बघायला मिळणार असेल, तर द्यावं. नसेल तर तुम्ही पैसे देऊन एखाद्या कपाटाला कागद पुरवताय. मिनी प्रिंट स्पर्धांना, म्हणजे इवल्याशा छाप्यांच्या स्पर्धांना, मात्र नावं ठेवू नका. स्पेनमधल्या कादाकेसची मिनी प्रिंट 1981 पासून चालू आहे, प्रतिमेची मर्यादा 10 बाय 10 सेंटिमीटर. एवढ्याशा चौकोनात हाताची सफाई लपत नाही.

वजनदार करिअर कसं दिसतं ते बघायचं तर भारतात जन्मलेल्या छापाचित्रकार झरीना हाश्मींचं बघा. गणित शिकलेल्या, साठच्या दशकात अटेलिए 17 मध्ये काम केलेल्या, पुढे टोकियोत जपानी लाकूडठसा शिकलेल्या. घर आणि परकेपण या विषयावरचा त्यांचा 1999 चा 36 लाकूडठशांचा संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही आहे आणि तिथल्याच मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही. हीच एडिशनची खरी करामत. 2011 मध्ये व्हेनिसच्या भारतीय दालनात त्यांचं काम होतं, 2012-13 मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो अशी सिंहावलोकनी प्रदर्शनं झाली. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या आसपास होत्या. इथे देश मोजायची गरजच पडत नाही, काम कुठे आहे ते सांगितलं की पुरतं.

शेवटचं काम बहुतेक जण टाळतात, प्लेट रद्द करणं. एवढे कष्ट घेतलेली प्लेट खराब करायला हात धजावत नाही, हे समजू शकतं. पण स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘काप्रिचोस’ या छापाचित्रांच्या मालिकेचं काय झालं ते पाहा. पहिली आवृत्ती 1799 ची, आणि त्याच प्लेटवरून 1937 पर्यंत एकूण बारा आवृत्त्या निघाल्या. उशिराच्या छाप्यांत ॲक्वाटिंटचा करडा रंग झिजून गेलेला आहे, आणि तरी ते गोयाच्या नावावरच विकले जातात. एडिशन पूर्ण झाली की प्लेटवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोल चरा ओढा किंवा एक भोक पाडा, त्या अवस्थेतला एक छापा काढा, त्यावर ‘रद्द’ लिहून सही करा आणि तो वहीत त्याच पानाला लावून ठेवा.