कुल्फी ही आइस्क्रीमची नक्कल नव्हे

उन्हाळा लागला की एक मेसेज सोलापुरात फिरायला लागतो. यंदा तो गल्लीच्या ग्रुपवर आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला, आणि शेवटी भाच्याने पाठवून विचारलं, "मामा, हे खरंय का?" मजकूर थोडक्यात असा: आइस्क्रीम मार्को पोलोने चीनमधून युरोपात नेलं. इंग्रजांनी ते भारतात आणलं, त्याआधी इथे बर्फच नव्हता. आपल्या लोकांना मशीन परवडेना, म्हणून त्यांनी डब्यात दूध गोठवलं; तीच कुल्फी, आइस्क्रीमची गरिबाघरची नक्कल. आणि शेवटी ठळक अक्षरात इशारा: मटका कुल्फीत मीठ घालतात, बीपीवाल्यांनी लांब राहावं.

भाच्याला फोनवर सांगितलं ते इथे नीट लिहून काढतो, कारण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे.

मार्को पोलोचं लवकर आटपतं. त्याच्या प्रवासवर्णनात आइस्क्रीम नाही. तो जाऊन कित्येक शतकं लोटल्यावर ही गोष्ट त्याच्या नावावर चिकटवली गेली.

आता बर्फाचं बघू. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने त्या राज्यकारभारावर लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त पाणी गार करायची रीत मापासकट दिली आहे: अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा आणि त्यात पाण्याने भरलेली, तोंड बंद केलेली धातूची सुरई पाव तास फिरवायची. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत पडतो तोच. तो पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. 1586 च्या सुमारास अकबराचा मुक्काम पंजाबात हलला, तेव्हापासून उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरला बर्फ येऊ लागला, हेही तिथेच लिहिलंय.

पण माझा खरा साक्षीदार इंग्रज आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अलाहाबादकडे बर्फ कसा तयार करतात ते बघून लिहिलं, आणि 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने, ते छापलं. उघड्या माळावर तीस फूट चौरस, दोन फूट खोल खड्डे. तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा जाड थर. त्यावर बिनझिलईच्या, बोट-दीड बोट खोलीच्या मातीच्या परळांच्या रांगा. संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं आणि उजाडायच्या आत बर्फ गोळा करायचा. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री परळातलं पाणी आपली ऊब आकाशाकडे सोडतं, खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नाही, आणि पाणी गोठतं. बाहेरचा बर्फ आला तो पुढे: अमेरिकेतल्या बॉस्टनहून बर्फ भरलेलं पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं ते 1833 मध्ये. म्हणजे बार्करचा लेख त्याच्या 58 वर्षं आधीचा.

हाच बार्कर पुढे जे सांगतो त्याने तर मेसेजचा कणाच मोडतो. सरबत किंवा साय गोठवायची असेल तर ती चांदीच्या पातळ, निमुळत्या शंकूंत भरतात, झाकण लावून फटी लगद्याने लिंपून घेतात आणि ते शंकू बर्फ, सोरा आणि साधं मीठ भरलेल्या मोठ्या भांड्यात ठेवतात. शंकू, झाकण, लिंपण, मीठ-बर्फ! ही कुल्फीचीच कृती झाली. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सनला मिळालं 1843 मध्ये. जे मशीन अजून जन्मालाच आलं नव्हतं ते परवडलं नाही म्हणून कुल्फी कशी निघेल?

बार्करच्या काळी युरोपात आइस्क्रीम होतं, तो स्वतःच त्याच्याशी तुलना करतो. माझं म्हणणं एवढंच, की दोन्हींची घडण वेगळी आहे. आइस्क्रीम गोठताना घुसळतात, त्यात हवा शिरते आणि ते फुलतं. कुल्फीचं दूध आधी कढईत आटतं, साय खरवडून पुन्हा त्यातच मोडायची, रबडीच्या जवळ आलं की साखर-वेलची, आणि मग साच्यात ते हलवायचं नाही. हवा नाही म्हणून ती दाताला घट्ट लागते आणि सावकाश विरघळते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत साध्या आइस्क्रीमला आणि कुल्फीला एकच कसोटी आहे: निदान 10 टक्के दुधाची स्निग्धता आणि लिटरमागे किमान 525 ग्रॅम वजन. म्हणजे लिटरभर आइस्क्रीममध्ये जवळजवळ निम्मी हवा असली तरी ते नियमात बसतं. बिनघुसळलेल्या कुल्फीला ही सवलत घेताच येत नाही. जिच्यात दूध जास्त जातं ती गरिबाघरची कशी?

याच ग्रुपवर उलट दावाही येतो, की कुल्फी वेदकाळापासूनची. तोही मला मान्य नाही. नाव बघा ना. अरबी 'कुफ्ल' म्हणजे कुलूप. तो शब्द फारसीतून आला आणि त्यातूनच आपलं कुलूप झालं, कुल्फीही झाली. कुलूपबंद साच्यात गोठते ती कुल्फी.

आता मीठ, कारण यामुळे आमच्या शेजारच्या काकूंनी कुल्फी सोडली. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो, पण साखर घातलेलं आटीव दूध शून्यावर गोठत नाही, त्याला आणखी खाली न्यावं लागतं. बर्फात खडेमीठ मिसळलं की तो वितळताना आजूबाजूची उष्णता ओढतो आणि पारा शून्याच्या खाली जातो. प्रमाण अचूक साधलं तर उणे 21 पर्यंत. हे सगळं साच्याच्या बाहेर घडतं. मीठ आत जाऊ नये म्हणून तर ते कुलूप. थेंबभर जरी शिरलं तरी पहिल्या घासालाच खारट लागेल. काकूंनी बघायचंच असेल तर गाडा स्वच्छ आहे का ते बघावं.

आमच्या गल्लीत मे महिन्यात चारच्या सुमाराला घंटा वाजते, तेव्हा रस्त्यावर पाय ठेववत नाही. गाड्यावर लाल ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं असतं. कुल्फीवाले काका कोपरापर्यंत हात आत घालून पत्र्याचा साचा काढतात, साध्या पाण्यात बुचकळतात, दोन्ही तळव्यांत भराभर फिरवतात. मग खांद्यावरच्या कोरड्या फडक्याने झाकणाची कड गोल पुसून घेतात, एकदा, पुन्हा एकदा. खारं पाणी पुसून झाल्याशिवाय त्यांनी झाकण उघडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. काकूंना या रविवारी तिथेच घेऊन जाणार आहे.