न तपासता सुपरचार्जर गेला म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!

डोकं फिरलंय अक्षरशः. सुपरचार्जरवाली (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप असलेली) गाडी पुण्यात गॅरेजला न्या, बॉनेट पुरतं उघडायच्या आत निकाल तयार. "साहेब, सुपरचार्जर गेला. नवा टाकावा लागेल, लाखाच्या वर जाईल." कशावरून गेला? काय तपासलंत? तर म्हणे, "आवाज येतोय ना!"

अहो, आयडलला जी खडखड येते ती पुलीच्या मागच्या कपलरची, म्हणजे पुली सुपरचार्जरला जोडणाऱ्या तुकड्याची. तो झिजला की वाजतो, पण त्याने बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, कमी होत नाही. छोटासा पार्ट आहे, वेगळा बदलता येतो. त्याच्यासाठी अख्खं युनिट फेकायचं? एकाने तर "आधी टर्बो क्लीनिंग करून बघू" असं सुचवलं. या गाडीत टर्बो नाहीच! टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्या क्रँकवरून येणाऱ्या बेल्टवर. एवढंही माहीत नसेल तर गाडीला हात कशाला लावता?

कात्रजच्या जुन्या घाटात चढताना गाडी तीन हजार आरपीएमपर्यंत व्यवस्थित ओढते. त्याच्या वर गेलं की बूस्ट वाढायच्या ऐवजी खाली येतो. भाऊ शेजारी मोबाइल घेऊन बसला होता, ओबीडीवरून, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटवरून, सगळं रेकॉर्ड केलंय. वरच्या आरपीएमला बूस्ट पडतो तेव्हा पहिला संशय बेल्टवर घ्यायचा. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला असेल, पुलीच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील, कुठून तरी ऑइल पाझरून बेल्ट घसरत असेल. हवेचा होज फाटला असता किंवा जादा हवा मागे वळवणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर बूस्ट खालपासूनच कमी दिसला असता. एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटालिटिक कन्व्हर्टर तुंबला असता तर गाडी ओढली नसती, पण बूस्टचा आकडा उलट चढा आला असता. हे रेकॉर्डिंग मी समोर धरलं. एकाने, एकानेसुद्धा ते हातात घेऊन पाहिलं नाही.

स्कॅनरचा प्रकार तर संतापजनक. एका गॅरेजने स्कॅनर लावला, पी०२९९ हा बिघाडाचा कोड आला. म्हणजे बूस्ट हवा त्यापेक्षा कमी. ते मला गाडी चालवतानाच कळलं होतं! का कमी, हे कोड सांगत नाही. पण कोडसोबत ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, फ्रीज फ्रेम साठवलेली असते. बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं, सगळं त्यात असतं. ते वाचायचं सोडून यांनी मला न विचारता कोड डिलीट केला. "लाइट गेला बघा साहेब." लाइट गेला आणि सोबत पुरावाही गेला. स्कॅनिंगचे पैसे मात्र बिलात लावलेच.

दुसऱ्या गॅरेजने मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) खराब ठरवला. का? चावी ऑन, इंजिन बंद असताना तो ९५ किलोपास्कल दाखवतो, "१०१ पाहिजे." अहो, १०१ समुद्रसपाटीला! पुणे साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाबच ९५ च्या आसपास असतो. सेन्सर अगदी बरोबर सांगतोय आणि तुम्ही तो बदलायला निघालात. याच शहरात धंदा करता ना?

लीकेज तपासायलाही काही मोठं मशिन लागत नाही. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपच्या, तोंडाला पीव्हीसीची टोपी, तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह, आत पाच-सहा पीएसआय हवा आणि प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी. बुडबुडे आले की जागा सापडली. रस्त्याकडेचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून रोज हेच करतो. बायपासचं तर त्याहून सोपं. इंजिन चालू ठेवून थ्रॉटल झटक्यात दाबायचा आणि व्हॉल्व्हचा लिव्हर हलतो का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. तेवढी दोन मिनिटं नाहीत, पण लाखाचं एस्टिमेट टाइप करायला वेळ आहे!

त्या एस्टिमेटवर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. गाडी सोडवून आणली आहे. बेल्ट आणि टेन्शनरची नाना पेठेत चौकशी चालू आहे. ते नीट बसवून देणारा आणि नंतर घाटात शेजारी बसून आकडे बघणारा मेकॅनिक पुण्यात कुणाच्या माहितीत असेल तर कृपया सांगा.