जुनी गाडी आहे, चालायचंच!

जुनी सेडान रोजच्या वापरासाठी धडधाकट करायला घेतली की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'जुनी गाडी आहे, चालायचंच!' अरे, काय चालायचंच? सकाळी स्टार्टर नुसता टक् करून गप्प बसतो, त्यावर ठरलेला उपाय म्हणजे नवी बॅटरी. मग नवा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा. मग नवा स्टार्टर. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर मात्र कुणी हातात धरणार नाही! पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. एवढं दिसत असेल तर नवं काही विकत घेण्याआधी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बघा, करंटचा परतीचा रस्ता तोच. बोल्टखाली गंज, तांब्यावर हिरवट पूड. पुष्कळदा नुसती घासून, घट्ट आवळली की काम फत्ते. फुकटात! पण फुकटातलं काम कुणाला नकोच असतं.

बरं, पैसे ओतायचेच तर रबरावर ओता ना. कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) होज, बेल्ट, सांध्यांमधले रबरी बुश ही मंडळी गाडी उभी असली तरी म्हातारी होतात. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला, वय तेवढंच, मग नक्षी कितीही खोल दिसो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तेही बदला. पण नाही! आधी चकचकीत रंग, अलॉयची चाकं आणि तो भलामोठा स्क्रीन. त्याची वायर मिळेल त्या गंजक्या बोल्टला अर्थ करणार, आणि वर मलाच विचारणार, हेडलाइट मंद का झाले म्हणून.