पेजेची निवळ, चहा-बिस्किट आणि आपला श्रीमंत गोवा

"गोव्यात उपाशी कोण राहतं हो?" दुकानाच्या फळीवर रेलून हा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात. विचारणाऱ्याचं स्वतःचं पोट बहुधा फळीच्या अलीकडे आलेलं असतं, पण ते असो. प्रश्न खोटा नाही. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात ज्या घरची चूल पेटत नाही असं घर मला ठाऊक नाही. रेशनवर पात्र घरांना माणशी पाच किलो धान्य फुकट आहे, अंत्योदय कार्ड असलं तर घरामागे पस्तीस किलो. तांदूळ आहे, हे मान्य. पण तांदळाचा डबा भरलेला आणि आई नि तिचं दोन वर्षांच्या आतलं मूल मात्र कुपोषित, अशी घरं आहेत आणि ती कमी नाहीत. आपल्या योजना डब्यात डोकावतात. ताटात कोणी बघत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे गोव्याचे आकडे सरकारीच आहेत. वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं २०१५-१६ मध्ये शेकडा २०.१ होती, पुढच्या पाहणीत ती २५.८ झाली. म्हणजे चारातलं एक. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४८.३ टक्क्यांवरून ५३.२ वर गेला, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत ३१.३ वरून ३९ वर. इथे लगेच "कोविड होता ना" म्हणायचं नाही. गोव्यातली ती पाहणी जानेवारी २०२० पर्यंत, टाळेबंदीच्या आधीच आटोपली होती. बाळंतपणं जवळजवळ सगळी दवाखान्यात होतात, रस्ते आहेत, दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या रांगेत, आणि मुलांची उंची मात्र खुंटते. त्याच पाहणीत ३६ टक्के बायकांचं वजन जास्त भरलं. अंगाने जाड आणि रक्त कमी, असं एकाच बाईचं असू शकतं. भात, पाव, साखरेचा चहा यावर दिवस काढला तर तसंच होणार.

मी भुसारी दुकान चालवते. उधारीच्या वहीला जे कळतं ते सर्व्हेवाल्यांना कळायला वर्षं लागतात. पगार झाला की पहिल्या आठवड्यात वहीत तूरडाळ, मूग, चवळी, अंडी, गोडंतेल, सगळं दिसतं. पंधरवडा सरला की पानावरून आधी अंडी जातात. मग डाळ किलोवरून पाव किलोवर येते. तेल सुट्या पाकिटावर येतं. शेवटच्या आठवड्यात उरतं ते चहापूड, साखर, कांदा आणि बिस्किटाचे पाच-पाच रुपयांचे पुडे. बिस्किट कधी गळत नाही, बघा. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा मासळी अशी महागते की बांगड्याकडे नुसतं बघून परत यायचं. घाटात दरड कोसळली की बेळगावची भाजी अडते आणि तांबड्या भाजीची जुडी चढ्या भावाने जाते. पूर्वी मे महिन्यात पुरुमेंत भरायचे. खारे, कुळीथ, आमसुलं, मिरच्या, कांद्याच्या माळा. पावसाळ्याचे चार महिने त्यावर निघायचे. आता भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याने पुरुमेंत ठेवायचं कुठे, कॉटखाली?

जुन्या काळचं सगळं पौष्टिक होतं असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मात्र मला बसवू नका. माझ्या आजीच्या घरी नाचण्याचं तिजान होतं, बाळंतिणीला आळिवाची खीर होती, आणि दगावलेल्या मुलांची नावंही होती. तेव्हाही मासळीचे तुकडे वाटताना सासरे, नवरा, दीर, मुलगे अशी रांग लागायची, आणि सुनेच्या ताटात हुमणाचा रस्सा आणि शेपटी. आज घरं लहान झाली, रांगही आखूड झाली, पण बाईचा नंबर काही वर सरकला नाही. वर सोमवार, संकष्टी, गुरुवार. गरोदरपणातही उपास सोडत नाहीत, साबुदाण्यावर दिवस काढतात. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या घेतात त्या चहाबरोबर. चहामुळे लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त लागतं. एवढी साधी गोष्ट गोळीच्या पाकिटावर चित्र काढून का छापत नाहीत, मला कळत नाही.

आता बाळाकडे येऊ. खरा घोटाळा इथेच आहे.

सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं अन्न द्यावं लागतं, सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. या वयात मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं असतं. त्यात आपण ओततो काय? पेजेची निवळ. "पचायला हलकी" म्हणून वरचं पाणी बाळाला आणि शितं मोठ्यांना. पोट भरतं, मूल गप्प होतं, अंगाला काही लागत नाही. त्याच उकड्या तांदळाची शितं कुस्करून, मूठभर मूगडाळ शिजवून घालून वर चमचाभर तूप नाहीतर खोबरेल सोडलं, तर तेवढ्याच वाटीतून दुप्पट-तिप्पट जोर मिळतो. काटे काढलेला मासा, उकडलेलं अंडं, कुस्करलेलं केळं हेही चालतं. पण "मासा बाधेल", "अंडं उष्ण पडेल", "दात आले की बघू". दात येईपर्यंत मग चहात बुडवलेलं बिस्किट.

आमच्या वाड्यावरची एक सून कडेवर दहा-अकरा महिन्यांचं मूल घेऊन येते. "काकी, बिस्किट दी गो, हा ऐकतच नाही." मी म्हटलं, "अगो, अंडं घेऊन जा, उकडून दे." ती म्हणाली, "काकी, उकडायला मी असते कुठे? सकाळी सातच्या बसला जाते. सासूच्या हाती चूल देत नाही, तिला दिसत नाही नीट." कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ती ठेकेदाराच्या माणसांत पॅकिंग करते. तिला आहारशास्त्र शिकवायला गेले असते तर शहाणी ठरले असते मी! तिला सगळं ठाऊक आहे. तिच्याकडे वेळ नाही, आणि मुलाजवळ चूल पेटवू शकेल असं माणूस नाही.

कायम नोकरीवाल्या बाईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघरही सक्तीचं आहे. ठेकेदाराकडची, हॉटेलात चादरी बदलणारी, साइटवर घमेली वाहणारी बाई यात बसते कुठे? ठेकेदार पन्नासाच्या खालीच माणसं दाखवतो. आणि अंगणवाडीत गरम जेवण मिळतं ते तीन वर्षांनंतर. त्याआधी घरी न्यायचं पाकीट. पाकीट घरी आलं की ते घरचं होतं. त्याचा शिरा होतो आणि चौघे खातात. चूक म्हणता येत नाही, भूक सगळ्यांनाच आहे. पण सहा महिने ते दोन वर्षं हेच वय, ज्यात बुडालेली उंची पुढे शाळेतल्या जेवणाने सहसा भरून येत नाही.

पैशाचं बघा. अंगणवाडीच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये मुलामागे दिवसाला आठ रुपये आणि गरोदर वा स्तनदा आईमागे साडेनऊ रुपये ठरवले. आज मी एक अंडं सात-आठ रुपयांना विकते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान सहा हजार लिहिलेत. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात तेही हप्त्यांनी, दुसऱ्याला मुलगी झाली तरच. गृहिणींसाठीची आपली गोवा सरकारची गृह आधार २०१२ पासून आहे, आता महिन्याला दीड हजार, आणि ती चांगली योजना आहे, कोणी बंद करायला निघालं तर मी पहिली भांडेन. माझ्या वहीतली बरीच थकबाकी त्यातूनच मिटते. पण तिला गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला लागतो आणि नेमक्या गरजू पोरींकडे तो नसतो.

रेशनच्या तांदळात अलीकडच्या वर्षांत लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळत आले आहेत, शंभर किलोत एक किलो. ते थोडे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. आमच्याकडे बायका सुपात घेऊन ते एकेक निवडून फेकतात, प्लास्टिकचा तांदूळ म्हणून! व्हॉट्सअॅपवर आलेलं असतं ना. तांदूळ देताना दोन वाक्यं सांगायला कोणाचं काय जात होतं? त्याच रेशन दुकानातून महिन्याला किलोभर डाळ, लिटरभर तेल आणि लहान मूल असलेल्या घराला अंडी दिली, तर हे निवडण्याचं नाटकही कमी होईल.

पण माझ्या मते पहिली गरज पाळणाघराची. वाड्यावाड्यावर, अंगणवाडीला जोडून, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. दोन बायकांना पगार द्या, एक मोठं पातेलं, एक वजनकाटा. सहा महिन्यांच्या बाळापासून घ्या. शाळांचं माध्यान्ह भोजन महिला मंडळं आणि स्वयंसाहाय्य गट शिजवतातच, तेच हात हेही करतील. आई कामावर असताना मुलाच्या पोटात तीनदा घट्ट अन्न गेलं, तर संध्याकाळी तिने बिस्किट नेलं तरी माझी हरकत नाही.

आता कमेंटमध्ये "परप्रांतीयांची पोरं आम्ही का पोसायची" येणार. वर सांगितलेली सून इथलीच, जमिनीच्या उताऱ्यात नाव असलेल्या घरातली, हे आधी लक्षात घ्या. आणि ज्यांच्या हातांनी आपले व्हिला उभे राहतात त्यांची मुलं चार पावलांवर वाळूच्या ढिगात बसून रिकामी पाकिटं चाटत असतात. त्यांनाही पाळणाघरात घ्यायलाच हवं, दाखला न मागता.

पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या हॉटमिक्सचा आणि कचऱ्याचा विषय संपला की मी उठणार आहे. प्रभागात दोन वर्षांखालची मुलं किती, गेल्या महिन्यात त्यातल्या कितींचं वजन झालं, किती कमी भरली, आणि त्यांचं पुढे काय केलं. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी अॅपवर, हे सगळं भरलेलं असतं म्हणतात. मग वाचून दाखवायला दहा मिनिटंही लागू नयेत. आपापल्या पंचायतीत विचारणार असाल तर अंगणवाडीताईला आधी सांगून ठेवा. तिला सगळ्यांसमोर कोंडीत पकडू नका, तिच्याकडे आधीच सतरा कामं आहेत. उत्तर सरपंचांनी द्यायचं आहे.